खासदाराने मत कसं दिलं, हे कुठे लिहिलेलं असतं?

तुमचा प्रश्न असा: अमेरिकेत मिशिगनमध्ये राहणारा मामेभाऊ फोन काढतो आणि तिथल्या लोकप्रतिनिधीने परवा कशावर काय मत दिलं, कोणकोणती विधेयकं मांडली, हे दोन मिनिटांत दाखवतो. तुम्ही आपल्या खासदाराचं तसंच काही शोधलंत तर हजेरी मिळाली, प्रश्नांचा तीन आकडी आकडा मिळाला, ‘खासगी विधेयके (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली): शून्य’ हेही मिळालं. मतदानाचा मात्र रकानाच नाही. मग ही माहिती दडवतात का? आणि शून्य विधेयकं म्हणजे गडी काहीच करत नाही असं धरायचं का?

मी बरीच वर्षं दिल्लीत खासदारांसाठी विधेयकांवरच्या टिपा, दुरुस्त्या आणि खासगी विधेयकांचे मसुदे तयार करण्याचं काम केलं, त्या आधारावर सांगतो. माहिती कोणी दडवत नाही. बहुतेक वेळा ती तयारच होत नाही. जिथे तयार होते तिथे ती पक्षाबद्दल बरंच आणि तुमच्या खासदाराबद्दल फार थोडं सांगते. तो माणूस स्वतः काय करतो हे बघायचं असेल तर कागद दुसरे चाळावे लागतात.

आधी मतदान. लोकसभेत बहुतांश विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष प्रस्ताव वाचतात, बाजूचे ‘हो’ म्हणतात, विरोधातले ‘नाही’ म्हणतात, आणि अध्यक्ष कानाला आलेल्या आवाजावरून निकाल सांगतात. त्या निकालाला कोणी हरकत घेतली नाही तर विषय संपला. कोण ‘हो’ म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी कँटीनमध्ये होतं, याची कुठेही नोंद होत नाही. अर्थसंकल्पातल्या बहुतेक मंत्रालयांच्या मागण्या तर शेवटच्या दिवशी ‘गिलोटिन’ लावून, म्हणजे चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. हजारो कोटींच्या खर्चाला तुमच्या खासदाराने संमती दिली, पण तसं दाखवणारा कागद नाही.

हरकत घेतली तर मतविभाजन होतं, ज्याला सगळे ‘डिव्हिजन’च म्हणतात. लॉबी रिकाम्या करायला सांगतात, साडेतीन मिनिटं घंटा वाजते, दारं बंद होतात. मग आपापल्या जागेवरचं बटण दाबायचं: हिरवं बाजूने, लाल विरोधात, पिवळं तटस्थ. ज्याचं बटण चाललं नाही किंवा ज्याने भलतंच दाबलं तो चिठ्ठी देतो. म्हणून अध्यक्ष निकाल जाहीर करताना कायम ‘दुरुस्तीच्या अधीन राहून’ असं म्हणतात. ही काही नुसती औपचारिकता नाही. १७ डिसेंबर २०२४ ला ‘एक देश, एक निवडणूक’चं विधेयक मांडू द्यायचं की नाही यावर नव्या इमारतीत पहिल्यांदा बटणांनी मतदान झालं, तेव्हा फलकावर दिसलेला आकडा आणि चिठ्ठ्या मोजल्यावर झालेला आकडा यांत चांगलाच फरक होता. बातमीत आलेला पहिला आकडा आणि कामकाजाच्या वृत्तांतातला आकडा जुळला नाही तर लगेच घोटाळ्याचा वास घेऊ नका. वृत्तांतातला धरा.

एक बारीक नियम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. मतविभाजनाची मागणी विनाकारण होते आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते दोन्ही बाजूंच्या सदस्यांना जागेवर उभं करून डोकी मोजू शकतात. अशा वेळी नावं नोंदली जात नाहीत. लोकसभेच्या नियम ३६७ मध्येच तसं म्हटलं आहे.

अमेरिकेशी खरा फरक इथे आहे. तिथल्या राज्यघटनेतच लिहिलंय की उपस्थितांपैकी एकपंचमांश सदस्यांनी मागणी केली की प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवावंच लागतं. आपल्याकडे ती मागणी पुरी होणं हे पीठासीन अधिकाऱ्यावर आणि सभागृह त्या क्षणी किती शांत आहे यावर अवलंबून असतं. २० सप्टेंबर २०२० आठवा. कृषी विधेयकं राज्यसभेत होती, विरोधक मतविभाजन मागत होते, उपसभापतींनी आवाजी मतदानानेच ती मंजूर झाल्याचं सांगितलं. मागणी करणारे आपल्या जागेवर नव्हते, सभागृहात गोंधळ होता, अशी बाजू पुढे मांडली गेली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यांत आपल्याकडचे राजीव सातव होते. पुढे वर्षभर ज्या कायद्यांवरून दिल्लीच्या सीमा अडल्या, त्या कायद्यांवर राज्यसभेत कोणत्या सदस्याने काय मत दिलं, याची यादीच अस्तित्वात नाही. २९ नोव्हेंबर २०२१ ला ते रद्द झाले तेही दोन्ही सभागृहांत चर्चेविना, आवाजी मतदानाने. करताना नाव नाही, मोडताना नाव नाही.

यादी हमखास मिळते ती घटनादुरुस्तीची. तिला सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे डोकी मोजल्याशिवाय गत्यंतरच नसतं. आणि तिथे एकेका मताला किंमत असते. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची घटनादुरुस्ती ५ सप्टेंबर १९७० ला राज्यसभेत पडली, बाजूने १४९ आणि विरोधात ७५. दोन तृतीयांशाला १५० हवे होते. त्या दिवशी आणखी एक समर्थक हजर असता तरी ती मंजूर झाली असती.

आता यादी मिळाली तर ती वाचायची कशी? तीन उदाहरणं देतो, तिन्ही आपल्या परिचयाची.

महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ ला मंजूर झाली. ४५४ बाजूने, २ विरोधात. विरोधातली दोन मतं असदुद्दीन ओवेसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांची. मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप होता. इथे मत, कारण आणि माणूस तिन्ही स्वच्छ दिसतात. पटो न पटो, मतदाराला जाब विचारता येतो. असं चित्र क्वचित मिळतं.

दुसरं, नागरिकत्व दुरुस्ती विधेयक. ९ डिसेंबर २०१९ च्या रात्री लोकसभेत ते ३११ विरुद्ध ८० ने मंजूर झालं, शिवसेनेने बाजूने मतदान केलं. दोनच दिवसांनी राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५, आणि तिथे शिवसेनेचे सदस्य मतदानात नव्हते. मधल्या काळात विधेयक तेच होतं. महाराष्ट्रातलं सरकार मात्र नवं होतं आणि त्यात काँग्रेस-राष्ट्रवादी भागीदार होते. आता शिवसेनेच्या एखाद्या लोकसभा सदस्याच्या नावापुढे ‘बाजूने’ असं वाचून तुम्ही त्याचं वैयक्तिक मत ठरवणार असाल, तर तुमची फसगत होईल. ते मत त्या दिवशीच्या पक्षाचं होतं. दोन दिवसांनी मतदान झालं असतं तर त्याच माणसाचं नाव यादीत दिसलंही नसतं.

तिसरं मला सगळ्यात बोलकं वाटतं. मराठा आरक्षणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ ला १०२व्या घटनादुरुस्तीचा अर्थ असा लावला की मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. तो परत देण्यासाठी १२७वं घटनादुरुस्ती विधेयक आलं. लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य, राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य. मतदानाची यादी बघितली तर सगळे एका सुरात. पण चर्चा वाचा. नुसता अधिकार देऊन काय उपयोग, ५० टक्क्यांची मर्यादा उठवा, ही मागणी तिथे जोरात झाली. आपल्या खासदाराने ती केली का, लेखी दुरुस्ती दिली का, की नुसतं स्वागत करून तो खाली बसला, हे भाषणात सापडतं. मतात सापडत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षादेश, आहे. विधानसभेच्या निमित्ताने २०२२ नंतर प्रतोद कोण, व्हिप कोणाचा, हे शब्द आपल्याकडे चहाच्या टपरीपर्यंत पोचले, त्यामुळे फार समजावत नाही. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा परवानगीशिवाय मतदानाला दांडी मारली, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. या कायद्यावरच्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही सक्ती सरकारचं अस्तित्व ठरवणारं मतदान किंवा पक्षाच्या मूळ धोरणाचा प्रश्न एवढ्यापुरती समजावी. प्रत्यक्षात कोणत्याही ठीकठाक महत्त्वाच्या विधेयकावर तीन ओळींचा, म्हणजे सगळ्यात कडक, व्हिप निघतो आणि सगळे निमूट येतात. काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी व्हिपची सक्ती मोजक्या मतदानांपुरती ठेवावी असं खासगी विधेयक २०१० मध्ये मांडलं होतं. पुढे सरकलं नाही. सरकणार तरी कसं, ज्यांनी सरकवायचं त्यांच्याच हातात व्हिप!

मिशिगनचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. तिथल्या १३व्या मतदारसंघाचे प्रतिनिधी श्री ठाणेदार, चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर सात कलमांचा महाभियोग ठराव मांडला, मे महिन्यात तो मतदानाला लावण्याचा प्रयत्न केला आणि स्वतःच्याच पक्षातल्या नाराजीनंतर हात आवरता घेतला. पक्षाचे नेते चिडले, पण ठाणेदारांची जागा कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. भीती फक्त पुढच्या प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीची. आपल्या खासदाराने सभागृहात पक्षाला असं अडचणीत आणलं तर पुढचं तिकीट विसरायचं, आणि मतदानात आणलं तर आहे ते पदही. तेव्हा मामेभावाच्या फोनवरची यादी आणि आपली यादी शेजारी ठेवून तुलना करू नका. त्याच्या प्रतिनिधीचं मत बऱ्याच अंशी त्याचं स्वतःचं असतं.

आता विधेयकांकडे येतो. मंत्री नसलेला कोणताही खासदार विधेयक मांडू शकतो. महिनाभर आधी नोटीस द्यायची, मसुद्यासोबत उद्देश व कारणे यांचं निवेदन जोडायचं, खर्च येणार असेल तर वित्तीय ज्ञापन, म्हणजे खर्चाच्या अंदाजाचं टिपण. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी कामकाजाचे, त्यातही एका शुक्रवारी विधेयकं आणि एका शुक्रवारी ठराव. कोणत्या विधेयकाचा नंबर चर्चेसाठी लागणार हे चिठ्ठ्या काढून ठरतं. शुक्रवारी दुपारी खासदारांची विमानं असतात, आणि सभागृह दंग्यामुळे तहकूब झालं तर तो शुक्रवार गेलाच. १७व्या लोकसभेत ७२९ खासगी विधेयकं मांडली गेली, चर्चा झाली दोनांवर. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी जेमतेम १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की आमच्या साहेबांनी वीस विधेयकं मांडली, तर एवढंच विचारा: त्यातलं एक तरी तुम्ही वाचलंय का?

आतली गोष्ट म्हणजे आकडा वाढवणं अगदी सोपं आहे. आधीच्या लोकसभेत कोणीतरी मांडलेलं आणि विसर्जनाबरोबर रद्द झालेलं विधेयक घ्यायचं, वर्ष बदलायचं, उद्देशांच्या निवेदनात दोन वाक्यं फिरवायची. आणखी सोपं म्हणजे एखाद्या ठिकाणी उच्च न्यायालयाचं खंडपीठ किंवा एखाद्या भागासाठी विकास मंडळ मागणारं दीड पानाचं विधेयक. मतदारसंघात त्याची बातमी छान होते. म्हणून मसुदा उघडून कलमं बघायची. नवा प्राधिकारी नेमला असेल तर त्याला अधिकार काय दिले, दंड कोणाला, खर्चाचा अंदाज खरंच काढलाय की ‘अंदाज करता येत नाही’ म्हणून सोडून दिलंय. दहा मिनिटांत कळतं की यामागे कोणी बसून काम केलं आहे की नाही.

उलट मंजूर न झालेलं विधेयक वाया गेलं असंही नसतं. याचं मला माहीत असलेलं सर्वांत मोठं उदाहरण कोकणातलं आहे. २७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी, म्हणजे विरोधी बाकावरच्या प्रजा समाजवादी पक्षाच्या सदस्याने, संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पूर्ववत करणारं खासगी विधेयक मांडलं. ते बासनात पडलं नाही. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तिचा अहवाल आला, पुढे सभागृहात त्यावर खडाजंगी झाली. संसद सार्वभौम की नागरिकाचे हक्क, असा तो वाद होता आणि दोन्ही बाजूंना वजनदार माणसं होती. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक रद्द झालं. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने आणलेली २४वी घटनादुरुस्ती अमलात आली, तिचं सूत्र तेच. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ती ग्राह्य धरली, मात्र घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही अशी मर्यादा घालून. आजच्या प्रगतिपुस्तकात नाथ पै यांच्या त्या विधेयकापुढे काय आलं असतं? मांडलं, मंजूर नाही.

अलीकडचं असंच एक म्हणजे द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची सिवा यांचं तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचं विधेयक. राज्यसभेने ते एप्रिल २०१५ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत अडलं, आणि शेवटी सरकारने स्वतःचा कायदा २०१९ मध्ये केला. त्या कायद्याच्या गुणदोषांवर वाद आहे, पण विषय सरकारच्या टेबलावर आला त्यात त्या विधेयकाचा वाटा नाकारता येणार नाही. कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं सुप्रिया सुळे यांचं विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये मांडलं गेलं, कायदा झाला नाही, डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. एकच विषय धरून ठेवणं आणि दर अधिवेशनाला नवा बार उडवणं, यांत फरक करायला हवा. पहिल्याला मी जास्त गुण देतो.

आता तुमचा शून्याचा प्रश्न. आधी तपासा की खासदार त्या काळात मंत्री होता का. मंत्री प्रश्न विचारत नाही, खासगी विधेयक मांडत नाही, हजेरीच्या वहीत सही करत नाही. त्याच्या नावावरची विधेयकं मंत्रिमंडळाची असतात. नितीन गडकरींच्या पानावर प्रश्नांचा आकडा शोधून काही उपयोग नाही. लोकसभा अध्यक्षांचंही तसंच. मंत्री नसेल आणि तरी शून्य असेल, तर मी दोन ठिकाणी बघेन.

पहिलं, दुरुस्त्या. सरकारी विधेयकाच्या अमुक कलमात अमुक शब्दाऐवजी तमुक शब्द घाला, अशी लेखी सूचना खासदार देऊ शकतो. केरळमधल्या कोल्लमचे खासदार एन. के. प्रेमचंद्रन याबाबत प्रसिद्ध आहेत. पक्ष छोटा, पण विधेयक आलं की त्यांच्या दुरुस्त्या तयार. त्या जवळजवळ नेहमी फेटाळल्या जातात. पण दुरुस्ती लिहायला विधेयक कलमागणिक वाचावं लागतं, त्याला पर्याय नाही. दुसरं, समितीच्या अहवालांना जोडलेली भिन्न मतपत्रं. समित्यांचं काम बंद दाराआड होतं, तिथे सदस्य तुलनेने मोकळे बोलतात, आणि असहमती असेल तर ती लेखी जोडता येते. वक्फ दुरुस्ती विधेयकाच्या संयुक्त समितीत विरोधकांनी अशी मतपत्रं दिली, त्यातले काही भाग वगळले गेले, आणि संसदेत गदारोळ झाल्यावर ते पुन्हा जोडले गेले. एरवी कोणी ढुंकून न पाहणारी ही पानं कोणाला तरी बोचली, यातच काय ते आलं.

प्रश्नांच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. सारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि एका उत्तरावर पाच-सहा नावं असतात. कार्यालयात एखादा हुशार मुलगा ठेवला की तीन आकडी संख्या आरामात होते. ते काम मीही केलं आहे.

शोधायचं कसं, ते सांगून थांबतो. संसदेच्या संकेतस्थळावर विधेयकाच्या पानावरून ते ज्या दिवशी मंजूर झालं ती तारीख घ्या. त्या दिवसाचा चर्चेचा वृत्तांत उघडा आणि त्यात ‘डिव्हिजन’ हा शब्द इंग्रजीत शोधा. सापडला तर खाली नावांची यादी असते. लोकसभेच्या यादीत आडनाव आधी येतं, मतदारसंघ नसतो, त्यामुळे पाटील, जाधव, शिंदे यांच्या बाबतीत पूर्ण नाव जुळवा. नावापुढे खूण असेल तर तळटीप वाचा, मत चिठ्ठीने दिलेलं किंवा दुरुस्त केलेलं असतं. नाव कुठेच नसेल तर तो गैरहजर होता, सभात्याग करून गेला होता, की आत बसूनही मत दिलं नाही, हे यादी सांगत नाही. त्यासाठी त्याच वृत्तांतात दोन पानं मागे जा, सभात्याग झाला असेल तर कोणत्या पक्षाचे सदस्य केव्हा बाहेर गेले याची कंसात एक ओळ असते. शब्दच सापडला नाही तर आवाजी मतदान झालं असं समजा, आणि खासदार मतदारसंघात आले की ‘तुम्ही त्या वेळी सभागृहात होता का, आणि काय म्हणालात?’ हे तोंडीच विचारा. संसदेच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या पानावर त्यांनी कोणत्या दिवशी कोणत्या चर्चेत भाग घेतला त्याची यादी मिळते, ती छापून सोबत न्या.